शिअरनेससमोरचे ‘रिचर्ड मॉन्टगोमेरी’ : न उचललेल्या दारूगोळ्याची पार्श्वभूमी

इंग्लंडमधील टेम्स नदीच्या मुखाशी, शेपी बेटावरच्या शिअरनेस या गावापासून जेमतेम अडीच किलोमीटर अंतरावर, ‘एस. एस. रिचर्ड मॉन्टगोमेरी’ हे अमेरिकन मालवाहू जहाज ऑगस्ट १९४४ पासून वाळूत रुतून आहे आणि त्याच्या पुढच्या कोठ्यांत आजही सुमारे १,४०० टन स्फोटक द्रव्य आहे. जहाज बुडाले कसे, हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. ते ऐंशी वर्षे तसेच का राहिले, हा खरा वादाचा मुद्दा आहे.

हे जहाज युद्धकाळात घाऊक प्रमाणात बांधल्या गेलेल्या ‘लिबर्टी’ जहाजांपैकी एक होते. १९४३ मध्ये फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे ते तयार झाले. ऑगस्ट १९४४ मध्ये सहा हजार टनांहून अधिक दारूगोळा घेऊन ते टेम्सच्या मुखाशी आले. तिथून इतर जहाजांच्या ताफ्यासोबत त्याला फ्रान्समधील शेर्बूर बंदरात जायचे होते. ताफ्याची वाट पाहण्यासाठी बंदराच्या अधिकाऱ्याने जी जागा नेमून दिली, तिथे पाण्याची खोली ओहोटीच्या वेळी सुमारे सव्वासात मीटर उरत होती. भरलेल्या जहाजाला मात्र नऊ मीटरांहून अधिक पाणी हवे होते. २० ऑगस्टला नांगर घसरला आणि जहाज वाळूच्या दांड्यावर चढले. भोवतालच्या जहाजांनी भोंगे वाजवले, पण जहाजाचा कप्तान झोपेत होता आणि पहाऱ्यावरील अधिकाऱ्याने त्याला उठवले नाही. पाणी ओसरत गेले तसा मालाच्या भाराने जहाजाचा कणा मोडला.

माल उतरवण्याचे काम तीन दिवसांत सुरू झाले, तेही जहाजाच्याच यारींनी. दुसऱ्याच दिवशी सांगाड्याला मोठी भेग पडून पुढच्या कोठ्यांत पाणी शिरले. तरीही कामगार महिनाभर माल काढत राहिले आणि मागचे दोन कोठे त्यांनी रिकामे केले. डोक्यावर युद्ध आणि पायाखाली बाँब अशा अवस्थेत केलेल्या या कामाची जेवढी नोंद घेतली जायला हवी होती, तेवढी घेतली गेलेली नाही. २५ सप्टेंबरला काम थांबले. पुढे जहाजाचे दोन तुकडे झाले आणि पहिले तीन कोठे होते तसेच पाण्याखाली राहिले.

मुंबईच्या वाचकाला १,४०० टन हा आकडा ओळखीचा वाटेल. शिअरनेसच्या अपघाताच्या चारच महिने आधी, १४ एप्रिल १९४४ रोजी, व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर साधारण तितकाच दारूगोळा होता, आणि त्याच्या दोन स्फोटांनी गोदी व लगतच्या वस्त्यांची काय दशा केली, हे निराळे सांगायला नको. दोन्ही आकड्यांची तंतोतंत बरोबरी करता येणार नाही. मुंबईत दारूगोळ्याच्या जोडीला कापसाच्या गाठी होत्या आणि आग त्यांनाच लागली. टेम्सच्या थंड पाण्यात आगीचा प्रश्न नाही. पण एवढा माल एका जागी फुटला तर काय होऊ शकते, याचा पुरावा त्याच वर्षी ब्रिटिश सत्तेखालच्या एका बंदरात मिळालेला होता, ही गोष्ट विसरता येत नाही.

युद्ध संपल्यावर उरलेले तीन कोठे रिकामे करण्याची वेळ होती. पत्रे शाबूत होते, बाँब नवे होते, ते भरल्याच्या नोंदी हाताशी होत्या आणि असे काम केलेली माणसे जवळच राहत होती. पण ‘हात लावू नये’ हेच धोरण राहिले. ते एकदा नीट विचार करून ठरवले गेले आणि मग पाळले गेले, असे मात्र दिसत नाही. प्रत्येक वेळी काम पुढे ढकलले गेले आणि ढकलण्याची सवय हळूहळू धोरण म्हणून मांडली जाऊ लागली. या मांडणीला सर्वांत मोठा आधार १९६७ मध्ये मिळाला. फोकस्टनजवळच्या समुद्रात १९४६ साली टक्कर होऊन बुडालेल्या ‘किल्त्से’ या पोलिश जहाजातला दारूगोळा काढण्याची तयारी चालू असताना त्याचा स्फोट झाला. समुद्रतळाला सुमारे सहा मीटर खोल खड्डा पडला, धक्का भूकंपमापकांवर नोंदला गेला आणि फोकस्टनमध्ये घबराट पसरली. मात्र कोणी दगावले नाही. तेव्हापासून शिअरनेसच्या जहाजाला हात लावण्याचा विषय निघाला की हे उदाहरण पुढे केले जाते. ते खोटे नाही. पण त्याआधीची वीस-बावीस वर्षे काहीच का केले नाही, याचे उत्तर त्या उदाहरणात सापडत नाही.

१९७० मध्ये एका लष्करी शास्त्रीय संस्थेने अंदाज बांधला की सर्व माल एकदम फुटल्यास तीनशे मीटर रुंदीचा पाण्याचा आणि अवशेषांचा स्तंभ तीन किलोमीटर उंच उसळेल आणि सुमारे पाच मीटरांची लाट उठेल. तीन वर्षांनी बुडीत जहाजांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्यातील धोकादायक अवशेषांच्या कलमाखाली या जागेभोवती प्रवेशबंदी आली. बोये, इशाऱ्याचे फलक आणि चोवीस तास रडारची नजर अशी व्यवस्था उभी राहिली. तरीही मे १९८० मध्ये ज्वालाग्राही रसायन घेऊन जाणारे एक डॅनिश जहाज थेट त्या दिशेने निघाले होते, ते थोडक्यात वळवता आले. शेजारच्या मेडवे नदीकडे जाणारा जहाजांचा मार्ग अवघ्या दोन-अडीचशे मीटरांवरून जातो आणि जवळच ग्रेन येथे द्रवरूप नैसर्गिक वायूचे मोठे आगार आहे.

माल उचलण्याच्या विरोधातले शास्त्रीय म्हणणे बारकाईने पाहण्यासारखे आहे. टीएनटी हे बाँबमधले मुख्य स्फोटक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि बाँबच्या कवचात दीर्घकाळ टिकते. मोठ्या बाँबना वाहतुकीच्या वेळी फ्यूज, म्हणजे स्फोट घडवून आणणारी कळ, बसवलेले नव्हते, त्यामुळे ते आपणहून उडण्याची शक्यता फार कमी धरली जाते. चिंता आहे ती तुकडे उडवणाऱ्या, जुडग्यांत बांधलेल्या सुमारे २,६०० बाँबची, कारण त्यांना फ्यूज बसवूनच पाठवले होते. फ्यूजमधल्या लेड अझाइड या संवेदनशील स्फोटकाचा ओलाव्याशी संयोग होऊन जे आम्ल बनते, ते तांब्याशी मिळून कॉपर अझाइड तयार करू शकते आणि हा पदार्थ किंचित धक्क्यानेही फुटतो. पाणी भरपूर असल्याने तो धुऊन गेला असेल, असे सरकारी बाजू सांगते. कोठ्यांत खोल गाडलेल्या प्रत्येक बाँबबद्दल तसे छातीठोकपणे सांगता येत नाही, असे टीकाकार म्हणतात. या वादात दोन्ही बाजूंना तथ्य आहे. परंतु ‘कमी धोका’ हे शब्द किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी वर्षानुवर्षे ऐकायचे आणि दरवर्षीच्या सोनार पाहणीत पत्रे पातळ होत चालल्याचे वाचायचे, ही परिस्थिती न्याय्य म्हणता येत नाही.

अलीकडचा वाद डोलकाठ्यांचा आहे. जहाजाच्या तीन डोलकाठ्या भरतीतही पाण्याबाहेर दिसतात. त्यांचे वजन झिजलेल्या सांगाड्यावर पडत असून त्या कोसळल्या तर खालच्या दारूगोळ्यावर आदळू शकतात, म्हणून त्या कापण्याचा निर्णय २०२० मध्ये जाहीर झाला. ज्या जहाजाला हात लावणेच धोक्याचे असे पन्नास वर्षे सांगितले गेले, त्यालाच आता हात लावावा लागणार आहे. उशिराची किंमत यातून उघड होते. काम आधी २०२१ मध्ये आणि नंतर २०२२ मध्ये होईल असे सांगितले गेले. मग सभोवतालच्या तळावर संशयास्पद धातूच्या वस्तू आढळल्याने आधी त्यांची तपासणी करणे भाग पडले आणि तारखा पुढे सरकत गेल्या. २०२५ मध्ये बंदी आकाशातही पोहोचली : जहाजाभोवती एक सागरी मैलाच्या त्रिज्येत १३,१०० फुटांखालून विमान नेण्यास मनाई करण्यात आली. कोठ्यांतले बाँब बाहेर काढणे मात्र डोलकाठ्यांच्या या कामात समाविष्ट नाही.