'होल इन द वॉल': पडलेल्या नाटकातून तरलेली धून

इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत इंग्लिश कंट्री डान्स हा समूहनाच नाचणाऱ्या बहुतेक मंडळांना 'होल इन द वॉल' ही धून ठाऊक असते. फिडलवर ती सुरू झाली की जुन्या खेड्यातल्या जत्रेचं चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं. ते चित्र चुकीचं आहे. ही धून लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर जन्मली आणि तिचा कर्ता इंग्लिश संगीतकार हेन्री पर्सेल.

1695 साली टॉमस बेटरटन आणि इतर नामवंत नट मालकाशी बिनसल्यामुळे वेगळे झाले. लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात मागे उरलेल्यांनी नाटककार आफ्रा बेन यांचं 1676 सालचं 'अब्देलाझर' हे सूडनाट्य पुन्हा रंगभूमीवर आणलं. बेन 1689 मध्येच वारल्या होत्या, म्हणून सुरुवातीचं नवं पद्य कॉली सिबर या तरुण नटाने लिहून दिलं. त्यानेच पुढे आठवण लिहून ठेवली आहे: पहिल्या दिवशी गर्दी, दुसऱ्या दिवशी शुकशुकाट.

नाटकाचं संगीत पर्सेलचं होतं. एक ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीची वाद्यरचना, आणि आठ छोट्या रचना, सगळ्या तंतुवाद्यांसाठी. खेळाआधी आणि अंकांच्या मधल्या वेळात त्या वाजत. त्यातलाच एक हॉर्नपाइप, म्हणजे एका नाचाच्या चालीची रचना, ही आपली धून. त्याच वर्षी 21 नोव्हेंबरला पर्सेल गेला. 1697 मध्ये त्याची विधवा फ्रान्सिस हिने त्याचं नाट्यसंगीत छापून आणलं. संगीत नाटकांवर पोसलेल्या मराठी रसिकाला पुढचं सांगायला नको: नाटक कुणाला आठवत नाही, पद मात्र ओठांवर राहतं.

रंगमंचावरून ती नाचघरात गेली ती छापखान्याच्या वाटेने. जॉन प्लेफर्ड या प्रकाशकाने 1651 मध्ये, प्युरिटन या कडव्या धर्मपंथीयांच्या राजवटीत नाट्यगृहांना कुलपं लागलेली असताना, कंट्री डान्सचं पुस्तक काढलं होतं. त्यात प्रत्येक नाचाच्या सूचना आणि सोबत त्याची धून असे. नव्या आवृत्त्या 1728 च्या आसपासपर्यंत निघत राहिल्या. वडिलांमागे धंदा सांभाळणाऱ्या हेन्री प्लेफर्डला नव्या आवृत्त्यांसाठी सतत नवा माल लागे, आणि गाजलेलं नाट्यसंगीत आयतं हाताशी होतं. सतराव्या शतकाच्या अखेरीस पर्सेलच्या हॉर्नपाइपवर नाच बसवून तो छापला गेला. 'लोकां'चा यात हात असलाच, तर गिऱ्हाईक म्हणून.

हॉर्नपाइप म्हटलं की खलाशांचा उड्या मारणारा नाच आठवतो, पण तो पुढच्या शतकातला, सम मात्रांचा. हा जुना इंग्लिश प्रकार तिहेरी मापाचा असून त्याचा जोर अनपेक्षित जागी पडतो. म्हणूनच धून साधी असूनही कंटाळा येत नाही.

याच नाटकातल्या रोंदोचं, म्हणजे मुखडा पुन्हा पुन्हा येणाऱ्या रचनेचं, नशीब आणखी थोर. ऑर्केस्ट्रातल्या वाद्यांची ओळख करून देणाऱ्या एका माहितीपटासाठी बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराने तो निवडला आणि 1946 पासून शाळाशाळांतली मुलं तो ऐकत आली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकगीतं आणि लोकनाच गोळा करणाऱ्या सेसिल शार्पने प्लेफर्डची पुस्तकं उघडून जुने नाच पुन्हा नाचते केले. 1911 मध्ये इंग्लिश फोक डान्स सोसायटी निघाली. छापील, शहरी नाचांवर 'लोक' हा शिक्का बसायला शार्पची ही चळवळ मोठी कारण ठरली, असं मला वाटतं. सिनेमाने त्यात भर घातली. कादंबरीकार जेन ऑस्टेनवरच्या 2007 च्या 'बिकमिंग जेन'मध्येही 'होल इन द वॉल' नाचला आहे, आणि ऑस्टेनचा जन्म तर 1775 चा, म्हणजे पर्सेलच्या मृत्यूनंतर 80 वर्षांनी.