‘भिंत जाड, घर गार’: अर्धाच खरा सल्ला

जैसलमेरच्या हवेल्या बघून आलेली मंडळी कोल्हापुरात सांगत सुटतात, “भिंत दोन फुटी घ्या, एसी लागणार नाही.” खुलासा करायलाच हवा.

भिंत उष्णता अडवत नाही, उशिरा पोचवते. फूटभर जाड मातीच्या भिंतीतून ती आत यायला साधारण १० तास लागतात. दुपारी दोनचं ऊन मध्यरात्री अंथरुणाशी येतं! तेव्हा खिडक्या बंद असल्या तर भिंत निवतच नाही, रोजची धग साठत जाते. वाळवंटात रात्री कोरडी, गार हवा चौकातून आणि जाळ्यांतून फिरते, म्हणून तिथं हे जमतं.

एप्रिल-मेमध्ये सकाळी ८ ला खिडक्या लावा, रात्री समोरासमोरच्या उघडा. स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात द्या, कारण सगळ्यात जास्त ऊन छपरावर पडतं.

पावसाळ्यात मात्र जाडी कामाची नाही, वारा हवा. जोतं किमान दीड फूट, वळचण अडीच फूट पुढे. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा तर नकोच: ओल आत कोंडते, भिंत बोटानं ठोकली तरी पोकळ वाजते, मग गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. एक भाग चुना, तीन भाग वाळू, एवढंच लावा.