पक्ष कोणाचा, प्रतोद कोणाचा : २०१९च्या निकालानंतरची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०१९मध्ये महाराष्ट्राच्या मतदारांनी भाजप-शिवसेना युतीला बहुमत दिले होते. भाजपच्या १०५ आणि शिवसेनेच्या ५६ जागा, म्हणजे बहुमताच्या १४५च्या पुढे सहज. तरी मुख्यमंत्रिपदावरून युतीचे बिनसले आणि १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. २३ तारखेला पहाटे ५.४७ वाजता ती उठली, आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधीही उरकला. ते सरकार चौथ्या दिवशी पडले, कारण सर्वोच्च न्यायालयाने २७ तारखेच्या संध्याकाळी पाचपर्यंत खुल्या मतदानाने बहुमत सिद्ध करायला सांगितले होते. ३० नोव्हेंबरला शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस या तीन पक्षांच्या आघाडीने १६९ मते दाखवली.

महाराष्ट्राला फूट नवी नाही. १९७८च्या मार्चमध्ये आलेले आघाडी सरकार जुलैत आतून फुटले आणि फुटलेल्या गटाचे नेते शरद पवार विरोधकांना सोबत घेऊन मुख्यमंत्री झाले. तेव्हा पक्षांतरबंदी कायदाच नव्हता. १९८५मध्ये तो राज्यघटनेचे दहावे परिशिष्ट म्हणून आला, पण त्यात एक तृतीयांश आमदार एकत्र बाहेर पडले तर ती 'फूट' मानून त्यांना अभय होते. १९९१च्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनात शिवसेना फुटली ती याच तरतुदीच्या आधाराने. पक्षाचे आमदार ५२, त्यामुळे सगळा खेळ एक तृतीयांशाच्या, म्हणजे १८ या आकड्याभोवती. २००३च्या घटनादुरुस्तीने ही पळवाट काढून टाकली. दोन तृतीयांश आमदार असले तरी आता संरक्षण फक्त विलीनीकरणाला.

म्हणून जून २०२२मध्ये सुरत आणि गुवाहाटी गाठलेल्या, एकनाथ शिंदे यांच्यासोबतच्या शिवसेना आमदारांनी 'आम्ही फुटलो' असे कधीच म्हटले नाही. आम्हीच पक्ष आहोत, असे ते म्हणाले. २१ जूनला पक्षाने विधिमंडळातला गटनेता, म्हणजे शिंदे, बदलला, तर बंडखोर आमदारांनी ठराव करून जुनाच गटनेता कायम ठेवला आणि प्रतोद, म्हणजे मतदान कसे करायचे याचा आदेश (व्हिप) काढणारा आमदार, नवा नेमला. एकाच पक्षाचे दोन प्रतोद झाले. ज्याचा व्हिप खरा, त्याच्या विरोधात मत देणारा अपात्र. सरकार कोणाचे, हेही मग त्यावरच ठरणार. फेब्रुवारी २०२१पासून विधानसभेचे अध्यक्षपद रिकामे होते, ही गोष्टही विसरता कामा नये. अपात्रतेचा निर्णय उपाध्यक्षांकडे होता. त्यांनी १६ बंडखोर आमदारांना नोटिसा काढल्या आणि उत्तरासाठी दोन दिवस दिले. न्यायालयाने ती मुदत १२ जुलैपर्यंत वाढवली. तोवर मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला होता, शिंदे यांचे नवे सरकार आले होते आणि ३ जुलैला निवडून आलेल्या नव्या अध्यक्षांनी बंडखोरांचा प्रतोद मान्यही केला होता.

११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ही मान्यता बेकायदा ठरवली. प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा (म्हणजे पक्षाच्या आमदारांच्या गटाचा) नव्हे, हे स्पष्ट शब्दांत सांगितले. बहुमत चाचणी बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णयही चुकीचा ठरला. पण चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे जुने सरकार परत आणता येणार नाही, असेही निकालात होते. २९ जूनच्या रात्रीचा तो राजीनामा आघाडीला फार महागात पडला.

पुढचे वळण मला सर्वांत आक्षेपार्ह वाटते. प्रतोद पक्षाने नेमायचा, हे ठरले; मग पक्ष कोणता, हे कसे ठरवायचे? निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३मध्येच ५५पैकी ४० आमदार आणि १८पैकी १३ खासदार मोजून शिंदे गटाला शिवसेना हे नाव आणि चिन्ह देऊन टाकले होते. १० जानेवारी २०२४ रोजी अध्यक्षांनी पक्षाची २०१८ची सुधारित घटना बाजूला ठेवली, १९९९ची ग्राह्य धरली आणि अखेर आमदारांच्या बहुमतावरच बोट ठेवले. म्हणजे विधिमंडळ पक्षाला जो अधिकार न्यायालयाने नाकारला, तो मागच्या दाराने त्यालाच मिळाला. अपात्र कोणीच ठरले नाही, कोणत्याही गटाचे. पुढच्याच महिन्यात अजित पवार आणि शरद पवार गटांत फुटलेल्या राष्ट्रवादीच्या प्रकरणातही बहुमताचाच निकष लागला आणि निकाल तसाच आला.

आयोगाच्या निर्णयाविरुद्धची याचिका प्रलंबित असतानाच २० नोव्हेंबर २०२४ला नवी विधानसभा निवडण्यासाठी मतदान झाले. मूळ चिन्ह मिळालेल्या शिंदे आणि अजित पवार गटांना ५७ आणि ४१ जागा मिळाल्या, चिन्ह गमावलेल्या ठाकरे आणि शरद पवार गटांना २० आणि १०. विरोधकांपैकी एकाही पक्षाला सदस्यसंख्येच्या दहा टक्के, म्हणजे २९ जागा गाठता आल्या नाहीत, आणि विरोधी पक्षनेतेपदाचा नवा वाद सुरू झाला.