सर्व्हलेट पाथवर की रिसोर्स टाइपवर? एका निवडीची पार्श्वभूमी

गोव्यात पर्वरी, पाटो किंवा वेर्ण्याच्या एखाद्या ऑफिसात अ‍ॅडोबी एक्स्पिरिअन्स मॅनेजरवर, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या एईएम या वेबसाइट सांभाळायच्या सॉफ्टवेअरवर, नवा डेव्हलपर बसला की त्याला लवकरच एक प्रश्न पडतो. सर्व्हलेट, म्हणजे ब्राउझरच्या विनंतीला उत्तर देणारा जावा प्रोग्रॅम, '/बिन/अमुक' अशा ठरावीक पाथवर (पत्त्यावर) रजिस्टर करायचा, की रिसोर्स टाइपवर, म्हणजे मजकुराच्या प्रकारावर? पाथचं काम एका ओळीत होतं आणि ब्राउझरमध्ये लगेच चालताना दिसतं. रिसोर्स टाइपसाठी रिपॉझिटरीत, म्हणजे मजकुराच्या साठ्यात, त्या प्रकारचा नोड (साठ्यातली एक नोंद) असावा लागतो. साहजिकच बरेच जण पाथकडे वळतात. ही सवय मोडायला हवी असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी आधी हे दोन रस्ते आले कुठून ते पाहावं लागेल.

पाथचा रस्ता जुना आहे. 1993 च्या सुमारास सीजीआय ही सर्व्हरवरचा प्रोग्रॅम ब्राउझरमधून चालवायची पद्धत आली तेव्हा सर्व्हरवर 'सीजीआय-बिन' नावाचा फोल्डर असे. त्यात प्रोग्रॅम ठेवला की त्याचं नाव हाच त्याचा पत्ता. सर्व्हलेट आले तेही याच समजुतीवर. मे 1996 मध्ये पहिल्या जावावन परिषदेत त्यांची घोषणा झाली आणि जून 1997 मध्ये आवृत्ती 1.0 पक्की झाली. हे स्पेसिफिकेशन सन मायक्रोसिस्टिम्समध्ये पवनी दिवाणजी यांनी तयार केलं. जावा शिकवताना हे नाव क्वचितच घेतलं जातं, ते घेतलं जायला हवं. 1999 मध्ये सर्व्हलेट 2.2 सोबत वॉर फाइल (सगळं वेब अ‍ॅप्लिकेशन एकत्र बांधणारी फाइल) आणि वेब डॉट एक्सएमएल ही नोंदींची फाइल आली. कुठल्या यूआरएलला कुठला क्लास, हे त्यात लिहायचं. डिसेंबर 2009 च्या सर्व्हलेट 3.0 मध्ये तेच काम कोडमध्येच लिहिलेल्या खुणेने, म्हणजे क्लासवरच्या अ‍ॅनोटेशनने होऊ लागलं. लिहिण्याची जागा बदलली, पण यूआरएल प्रोग्रॅमच्या मालकीचाच राहिला.

सर्व्हलेटच्या सुरुवातीच्या काळात टॉमकॅट या जावा सर्व्हरमध्ये इन्व्होकर सर्व्हलेट होता. त्याच्या जोरावर '/सर्व्हलेट/' नंतर क्लासचं नाव टाकलं की कुठेही न नोंदवलेला क्लाससुद्धा थेट चालवता येई. त्यातून सुरक्षेचा प्रश्न उभा राहिला आणि 2002 मध्ये टॉमकॅटने तो मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली.

दुसरा रस्ता स्वित्झर्लंडच्या बाझल शहरातून आला. तिथल्या डे सॉफ्टवेअरने मजकूर झाडासारख्या रचनेत ठेवण्याचं मानक पुढे रेटलं, ते जेएसआर 170 म्हणून 2005 मध्ये मंजूर झालं. रेस्ट या वेबच्या रचनेच्या शैलीची मांडणी 2000 मध्ये आपल्या प्रबंधात करणारे रॉय फील्डिंग याच कंपनीत मुख्य शास्त्रज्ञ होते. डेने 2007 मध्ये स्लिंग हे आपलं वेब फ्रेमवर्क अपाचे या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेच्या हवाली केलं. 2010 मध्ये अ‍ॅडोबीने डे विकत घेतली आणि स्लिंग आजच्या एईएमच्या पायात आलं.

स्लिंगने क्रमच उलटा केला. यूआरएल आला की आधी तो कुठल्या मजकुराचा हे शोधायचं, मग त्या मजकुराचा रिसोर्स टाइप पाहायचा आणि त्यावरून कोण उत्तर देणार ते ठरवायचं.

हे गोव्यातल्या एका कल्पित साइटवर पाहू. नाट्यमहोत्सवाची साइट आहे, मराठी आणि कोंकणी अशी दोन भाषांत, आणि फोंड्याच्या पानावर प्रयोगांची यादी जेसन या डेटाच्या स्वरूपात द्यायची आहे. पाथवाला लिहील: '/बिन/प्रयोग?पान=/कन्टेन्ट/महोत्सव/मराठी/फोंडा'. रिसोर्स टाइपवाल्याचा यूआरएल असेल: '/कन्टेन्ट/महोत्सव/मराठी/फोंडा/_जेसीआर_कन्टेन्ट.प्रयोग.जेसन'. इथे 'प्रयोग' हा सिलेक्टर, म्हणजे काय हवं ते सांगणारा तुकडा, आणि 'जेसन' हे एक्स्टेन्शन, म्हणजे ते कुठल्या स्वरूपात हवं ते. दुसरा यूआरएल लांबलचक दिसतो खरा, पण भाषा, गाव आणि पान तिन्ही त्यातच आहेत. 'मराठी'च्या जागी 'कोंकणी' घातलं की तोच सर्व्हलेट कोंकणी यादी देतो, भाषेसाठी वेगळा कोड लागत नाही.

परवानगीचा मुद्दा याहून मोठा. फोंड्याचं पान अजून फक्त आयोजकांसाठी खुलं असेल, तर बाहेरच्या माणसाला स्लिंग तो रिसोर्सच देत नाही. 404, म्हणजे 'सापडलं नाही' असं उत्तर मिळतं, सर्व्हलेट चालतही नाही. '/बिन/प्रयोग' मात्र कुणासाठीही चालतो, कारण पाथवरच्या सर्व्हलेटला रिपॉझिटरीचे परवानगीचे नियम लागू होत नाहीत. आत मजकूर वाचताना विनंती करणाऱ्याचाच रिझॉल्व्हर (त्याच्या परवानगीने मजकूर शोधून देणारा भाग) वापरला तर निदान तिथे अडवणूक होते. पण काम अडलं की सर्व्हिस यूजर, म्हणजे सिस्टिमचं स्वतःच्या परवानग्या असलेलं खातं, घेऊन वाचायचा मोह होतो. मग 'पान' या पॅरामीटरमध्ये कुणी कुठलाही पाथ घालो, सर्व्हिस यूजरला दिसणारं सगळं त्यालाही दिसतं. इन्व्होकरचं दार ज्या कारणासाठी बंद करावं लागलं, तेच दार आपण आपल्या हाताने पुन्हा उघडतो.

कॅशचंही तसंच. एक्स्टेन्शन नसलेला किंवा प्रश्नचिन्ह असलेला यूआरएल डिस्पॅचर, म्हणजे एईएमच्या पुढे बसणारा कॅश, सहसा साठवत नाही, त्यामुळे प्रत्येक विनंती थेट वाचकांना साइट देणाऱ्या पब्लिश सर्व्हरवर जाते. रिसोर्स टाइपवाला यूआरएल फाइल म्हणून साठतो. शिवाय फोंड्याचं पान पुन्हा प्रसिद्ध केलं की डिस्पॅचर त्या पानाच्या फाइली आणि त्याखालचा '_जेसीआर_कन्टेन्ट' फोल्डर दोन्ही पुसतो. संपादकाने प्रयोगाची वेळ बदलली तर यादी आपोआप ताजी होते. हे फुकट मिळत असताना त्यावर पाणी सोडायचं कशाला?

स्लिंगच्या दस्तऐवजात पाथविरुद्ध आणखी एक इशारा आहे. सर्व्हलेटचा बंडल (ज्या पॅकेजात तो बसवतात ते) काही कारणाने सुरू नसेल आणि त्या पाथवर पोस्ट, म्हणजे माहिती पाठवणारी विनंती, आली, तर स्लिंगचा डीफॉल्ट पोस्ट सर्व्हलेट ती स्वीकारतो आणि लिहायची परवानगी असेल तर तिथे नवा नोडही तयार करू शकतो.

मग पाथ इतका रुळला कसा? माझ्या मते वेब डॉट एक्सएमएलवर घडलेला हात हे एक कारण, आणि जुनी उदाहरणं हे दुसरं. सुरुवातीला फेलिक्स या अपाचेच्या प्रकल्पाचं एकच अ‍ॅनोटेशन दोन्ही प्रकारांसाठी होतं. नंतर ओएसजीआय या जावा मॉड्यूलच्या मानकाच्या अ‍ॅनोटेशनमध्ये 'स्लिंग.सर्व्हलेट.पाथ्स' अशा ओळी अवतरणचिन्हांत हाताने लिहाव्या लागत. एक अक्षर चुकलं तरी कंपायलर गप्प. त्यातच पाथसोबत सिलेक्टर आणि मेथडही (विनंतीचा प्रकार: गेट, पोस्ट वगैरे) लिहिलेल्या दिसत, प्रत्यक्षात पाथ दिला की स्लिंग त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो. 2018 मध्ये स्लिंगने पाथसाठी आणि रिसोर्स टाइपसाठी वेगवेगळी अ‍ॅनोटेशन दिली, तेव्हा कुठे ही निवड कोडमध्ये डोळ्यांना दिसू लागली.

रिसोर्स टाइपलाही पथ्य आहे. 'स्लिंग/सर्व्हलेट/डीफॉल्ट' वर नोंदवलेला सर्व्हलेट साइटच्या जवळजवळ प्रत्येक पानावर उत्तर द्यायला उभा राहतो, म्हणून टाइप नेमका हवा. मेथड दिली नाही तर फक्त गेट आणि हेड चालतात.

बाहेरच्या सेवेने पैसे जमा झाल्याचं कळवायचं आहे, आणि त्याला जोडलेलं पानच नाही, अशा वेळी पाथ समजण्यासारखा आहे. अलीकडच्या आवृत्त्यांत पाथसाठी 'स्ट्रिक्ट' पर्याय आहे, त्याने मेथड, सिलेक्टर आणि एक्स्टेन्शनची तपासणीही होते. तरी अशा कामालासुद्धा '/कन्टेन्ट' खाली एक छोटा नोड करून, त्याला स्वतःचा रिसोर्स टाइप आणि परवानग्या देऊन सर्व्हलेट त्यावर बसवता येतो. डिस्पॅचरच्या फिल्टरमध्ये तेवढा एकच पाथ खुला करायचा आणि '/बिन' पूर्ण बंद ठेवायचा.