फासा चार वेळा हुकला, म्हणून पाचव्यांदा लागतो का?

"चार वेळा हुकलं ना? सेव्ह लोड कर, आता लागणारच." रोल-प्लेइंग गेम (एखादं पात्र होऊन खेळायचे व्हिडिओ गेम) खेळणाऱ्यांत हे वर्षानुवर्षं फिरतंय. सेव्ह लोड करणं म्हणजे आधी साठवलेल्या जागी परत जाऊन तोच डाव पुन्हा खेळणं. वाटणं साहजिक आहे. लुडोत सहा पडेना की आपणही हेच म्हणतो.

पण फाशाला मागचं काही आठवत नसतं. वीस बाजूंच्या फाशावर 11 किंवा जास्त हवे असतील, तर शक्यता दर वेळी 50 टक्केच. ओळीने चारदा हुकण्याची शक्यता 16 मध्ये 1. ते घडून गेलं तरी पाचव्या वेळी पुन्हा 50 टक्केच.

काही गेममध्ये तर फासाच नसतो. 'फॉलआउट 3'मध्ये समोरच्याला पटवायच्या संवादापुढे यशाचे टक्के दिसतात, तिथे नशीब असल्याने लोड केल्यावर निकाल बदलू शकतो. 'फॉलआउट: न्यू व्हेगस'मध्ये मात्र नशीब नाही, त्या कौशल्याचे ठरलेले गुण लागतात. 50 हवेत आणि तुमच्याकडे 49, तर शंभरदा लोड करा, उत्तर तेच. (त्यापेक्षा गेममधलं एखादं मासिक वाचून गुण वाढवा.)

पडताळायचं तर 'बाल्डर्स गेट 3' घ्या. सलग हुकणं टाळणारी 'कार्मिक डाइस' ही सोय त्यात आहे, ती आधी बंद करा. मग लागोपाठ दोनदा हुकल्यानंतरचा निकाल तेवढा वहीत टिपा. पन्नासेक नोंदींनंतर गणित समोर येईल.