रोहूला पूर आणून देणारी टाकी

पावसाळ्यात पालकडे फिरायला जायचं हा आमच्या जळगाव-भुसावळकडच्या लोकांचा ठरलेला बेत, यावल अभयारण्यातला हिरवागार रस्ता, सुकी नदीचं पाणी, डब्यात कळण्याची भाकरी न् ठेचा. पण सातपुड्याच्या जंगलात कुठे मत्स्यबीज केंद्र, म्हणजे माशांची पिल्लं तयार करायची जागा, दिसलं तर परवानगी काढून तासभर तिथे थांबाच, पोरं सोबत असतील तर नक्कीच.

रोहू, कटला, मृगळ हे मासे तळ्यात मस्त वाढतात, पोटात अंडीही धरतात, पण साचलेल्या पाण्यात ती घालत मात्र नाहीत. त्यांना पूर लागतो. तापीला गढूळ लोंढा आला, पाणी जरा थंड झालं, काठावर पसरलं की माशाच्या मेंदूखालची एवढीशी पीयूषिका ग्रंथी हार्मोन सोडते आणि मग अंडी पडतात. तळ्यात हा निरोप पोचतच नाही. मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी १९५७ साली ओडिशात दुसऱ्या माशाच्या त्याच ग्रंथीचा अर्क टोचून कार्प (रोहू-कटल्याच्या जातकुळीतल्या) माशांकडून अंडी घालून घेतली, त्याचीच आठवण म्हणून १० जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो. आता बाजारात तयार इंजेक्शन मिळतं.

मागच्या आषाढात आम्ही अशाच एका केंद्राजवळ मुक्कामाला होतो. संध्याकाळी तिथल्या दादांनी ओल्या फडक्यात मादी धरली, पराच्या बुडाशी अलगद सुई टोचली आणि तिला गोल टाकीत सोडलं, टाकीत पाइप तिरके बसवलेले त्यामुळे पाणी सारखं गोल फिरत राहतं, म्हणजे पूरच की हो तो! सकाळी त्यांनी पांढऱ्या वाटीत थोडी अंडी काढून दाखवली, अगदी भिजवलेल्या साबुदाण्यासारखी, आरपार दिसणारी, आणि आत दोऱ्यासारखं काहीतरी मधूनच झटका देत होतं. मला तर बोलायलाच सुचेना. ही अंडी पाण्यापेक्षा किंचित जड असतात, पाणी थांबलं तर तळाला ढीग होऊन गुदमरतील, म्हणून पिल्लं बाहेर येईपर्यंत, साधारण १४ ते १८ तास, त्यांना फिरत ठेवायचं. पुढचे तीनेक दिवस पिल्लू पोटाला लागलेल्या पिवळ्या बलकावरच जगतं, मग ते मत्स्यजिरे म्हणून बाहेरच्या छोट्या तळ्यात जातं आणि बोटाएवढं झालं की बोटुकली.

आणि याच तळ्यात लोक चिवडा, बिस्किटं टाकतात! कृपा करून टाकू नका. ते अन्न कुजतं, कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन खातात, आणि मुळात ३० अंशाच्या एका लिटर पाण्यात तो जेमतेम साडेसात मिलिग्रॅमच मावतो. त्यात रात्री शेवाळ ऑक्सिजन बनवत नाही, उलट वापरतं, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी असतो. सकाळी लवकर पिल्लं वर येऊन तोंडं उघडताना दिसली तर लगेच दादांना हाक मारा.

पोरांना काही खायला घालायचंच असेल तर त्यांच्याकडून मूठभर भुश्याचं खाद्य मागून घ्या, ते मोजून देतात. आणि तळ्यावरच्या जाळीच्या दोरीवर खंड्या बसलेला असतो, त्याला हाकलू नका, जाळी नीट असेल तर तो नुसता बघत बसतो.