हवाई अंतर व प्रवासकाळ (नाशिक)

हवाई अंतर : दोन विमानतळांमधील पृथ्वीपृष्ठावरचे किमान अंतर. ते बृहद्वृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीचे केंद्र हेच ज्याचे केंद्र अशा वर्तुळाच्या, लहान कंसावर मोजतात. नाशिकसाठी ओझरचा विमानतळ (सु. २०.१२° उ., ७३.९१° पू.) आरंभस्थान मानणे योग्य, शहरालगतचा गांधीनगर विमानतळ लष्कराकडे आहे. ओझरच्या प्रवासी टर्मिनलचे उद्घाटन २०१४ मध्ये झाले.

पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी धरल्यास ओझर–हीथ्रो (लंडन) अंतर सु. ७,२०० किमी आणि ओझर–सॅन फ्रान्सिस्को सु. १३,४०० किमी येते. दुसरे उदाहरण अधिक बोधक आहे. मर्केटरच्या (१५६९) नकाशावर, म्हणजे अक्षांश-रेखांश सरळ व परस्परांना लंब दाखवणाऱ्या नकाशावर, ही दोन स्थळे जोडणारी सरळ रेषा चीन व पॅसिफिक ओलांडून जाते आणि सु. १६,००० किमी भरते. बृहद्वृत्त मात्र ओझरहून उत्तरेपासून पूर्वेकडे जेमतेम १५° कलून निघते, हिमालय व सायबेरियावरून ७६° उ. अक्षांशापर्यंत चढते आणि अलास्कावरून खाली उतरते.

गणनेत साधे कोज्या-सूत्र, म्हणजे दोन स्थळांमधील कंसाची कोज्या (cos) काढून त्यावरून अंतर देणारे सूत्र, लांब पल्ल्याला पुरते. जवळच्या स्थळांना ते कुचकामी ठरते. ओझर–मुंबई कंस सु. १.४° (सु. १५८ किमी) आहे. चार दशांश स्थळांच्या सारणीत त्याची कोज्या ०.९९९७ मिळते आणि शेवटचा अंक एकाने बदलताच उत्तर सु. २५ किमीने सरकते. हा दोष टाळण्यासाठी अर्धकोनाच्या ज्येचा (sin) वर्ग वापरणारे हॅव्हरसाइन-सूत्र रूढ झाले. त्याच्या सारणीचे श्रेय सामान्यतः जेम्स अँड्र्यू (१८०५) यांना देतात. गणितेतिहासकार फ्लोरिअन काजोरी यांनी स्पॅनिश नौकानयन-गणिती मेंदोझा इ रिओस यांचा १८०१ मधील वापर पुढे आणला असून तो अग्रक्रम मान्य करणे अधिक सयुक्तिक दिसते. हॅव्हरसाइन ज्या राशीचे अर्ध आहे ती उत्क्रमज्या (१ वजा कोज्या) सूर्यसिद्धान्त या प्राचीन भारतीय ज्योतिषग्रंथात (बहुधा इ. स. चौथे–पाचवे शतक) येते. मात्र तेवढ्यावरून थेट परंपरा जोडणे धाडसाचे होईल. पृथ्वीचा चपटेपणा लक्षात घेणारे व्हिन्सेंटी यांचे सूत्र (१९७५) याहून अचूक आहे. गोलाकृती गणनेशी त्याचा फरक साधारणतः अर्ध्या टक्क्याच्या आत राहतो.

प्रवासकाळ केवळ अंतराला वेगाने (जेट विमानांचा सु. ८५०–९०० किमी/तास) भागून मिळत नाही. मध्य अक्षांशांतील पश्चिमी जेट प्रवाहामुळे, म्हणजे उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यामुळे, पश्चिमेकडे जाताना वेळ वाढतो. तिबेटच्या पठारावर केबिनमधील हवेचा दाब गेल्यास श्वास घेता येईल इतके खाली उतरता येत नसल्याने तो प्रदेश शक्यतो टाळतात. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केल्यावर लंडनकडील मार्ग अरबी समुद्रावरून वळवावे लागले. वेळापत्रकातील काळ विमान फलाटावरून हलल्यापासून दुसऱ्या फलाटावर थांबेपर्यंतचा असतो, त्यामुळे धावपट्टीपर्यंतची ये-जाही त्यात धरलेली असते.

नाशिककरांचा परदेशप्रवास बहुतांशी मुंबईमार्गे होतो. कसारा घाटातून, किंवा जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाच्या इगतपुरी–आमणे टप्प्याने लागणारा वेळ वरील काळात वेगळा मिळवावा लागतो. सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ भारतीय प्रमाणवेळेच्या हिवाळ्यात साडेतेरा व उन्हाळ्यात साडेबारा तास मागे असते.